आयत्या बिळावर निळा नागोबा

ओटीवरची | २ सप्टेंबर, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इंदूरची, रामबागेकडची. आमचा वाडा म्हणजे आता वाड्याचा उरलेला तुकडा. पुढचा भाग केव्हाच विकला, तिथे चार मजले उभे आहेत. मागच्या अंगणातली एक भिंत मात्र जुनी आहे. विटा मातीत बसवलेल्या, वर चुन्याचा गिलावा होता तो सासूबाईंच्या हयातीतच ढासळला. दक्षिणेला तोंड असल्यामुळे दिवसभर तापते. विटांच्या दरजांमध्ये जी माती आहे तिच्यात करंगळी जेमतेम जाईल एवढाली भोकं आहेत. तीसेक असतील.

दोन-तीन वर्षांपासून पावसाळ्यात त्या भोकांमध्ये निळ्या पट्ट्यांच्या माश्या राहायला येतात. गुबगुबीत, छातीवर पिवळट तपकिरी लव, पोटावर मोरपिशी चमकणारे पट्टे. तुळशीच्या एका मंजिरीवर क्षणभर टेकायचं, की लगेच दुसरीवर. आवाज मात्र अंगाच्या मानाने फार मोठा. पोळं नाही, राणी नाही, घोळका नाही. प्रत्येकीचं भोक वेगळं आणि प्रत्येकीचा संसार वेगळा. कुंडीतल्या वांग्याच्या फुलालाही लोंबकळून जोरात गुणगुणताना दिसतात.

आता मुद्दा. पंधरा दिवसांपासून तिथे दुसरीच एक माशी येऊ लागलीय. आकाराने साधारण तेवढीच, पण रंग काळाभोर आणि त्यावर आभाळी निळे ठिपके. काळ्या चंद्रकळेवर बुट्टे काढावेत तसे. पायांवरसुद्धा निळसर पांढरे ठिपके, पंख धुरकट. इतकी देखणी, की मी हातातलं काम टाकून बघत बसले. पण तिचं वागणं मला आवडलं नाही. पायाला पराग लावून येताना ती कधी दिसत नाही. भिंतीसमोर संथ उडत एकेका भोकात डोकावते, शेजारणीच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते बघावं तशी. काल एका भोकात शिरली, मिनिटभराने बाहेर आली आणि पसार झाली. मागून घरमालकीण आली, तिला काही पत्ताच नाही!

ही कोण? आणि हिला हाकलावं का? त्यात आमचे भाऊजी म्हणतायत की दिवाळीच्या आत त्या भिंतीला सिमेंटची छपाई करून टाकू. तो वेगळा विषय.

पोहेजिलेबी | २ सप्टेंबर, दुपारी ३:२५

फोटो कुठाय? फोटोशिवायचा धागा म्हणजे जीरावन न घातलेले पोहे.

ओटीवरची | २ सप्टेंबर, दुपारी ३:४०

अकरा काढले. दहांत भिंत फार सुंदर आलीय. अकराव्यात माझं बोट आहे.

गच्चीबाग | २ सप्टेंबर, सायंकाळी ६:०२

कुठलीतरी गांधीलमाशी असेल. भोकाभोवती फवारा मारून टाका, दोन दिवसांत साफ. लहान मुलं असतील घरात तर उगाच धोका नको.

किडामुंगी | २ सप्टेंबर, रात्री ९:१५

फवारा कृपा करून नको. भोकाभोवती मारलात तर आधी निळ्या पट्टेवाल्याच मरतील, दिवसातून वीस फेऱ्या त्यांच्याच होतात.

ताई, चंद्रकळेवर आभाळी बुट्टे एवढं वाचलं आणि फोटोची गरज संपली. ही गांधीलमाशी नव्हे. ही थायरियस, मधमाश्यांच्याच एपिडी कुळातली. स्वतः घर बांधत नाही, पराग गोळा करत नाही, दुसरीच्या घरात अंडं घालते. इंग्रजीत अशा माश्यांना कोकिळेवरूनच नाव पडलंय. तुमच्या निळ्या पट्टेवालीचं नाव अमेगिला, आणि थायरियस जगते ती प्रामुख्याने तिच्या आणि तिच्या जवळच्या नातेवाईक माश्यांच्या जिवावर.

नावाची गंमत सांगतो. थायरियस हा शब्द ढालीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला, दरवाज्यासारखी लांबट मोठी ढाल. माशीच्या छातीच्या मागच्या टोकाला एक चपटी पाटी असते, ती कंबरेवर छपरासारखी येते आणि तिच्या कडेला खाच असते. शत्रूने चावायला यायची सगळ्यात नाजूक जागा कंबर, आणि नेमकी तिच्यावरच ढाल. बाकीचं कातडंही चांगलं जाड. दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हणजे मार खायची तयारी हवीच ना.

तो निळा रंग कातड्याचा नाही. अंगाला चिकटून आडवे पडलेले बारीक केस असतात, त्यांचे ते ठिपके. माशी म्हातारी झाली, केस झडले, की ठिपके विरळ होतात. तुमच्याकडे येणारी ठसठशीत असेल तर नवी निघालेली समजा.

जात कोणती ते इथून सांगता येणार नाही. भारतात थायरियसच्या अनेक जाती आहेत आणि त्या ठिपक्यांच्या मांडणीवरून आणि त्या ढालीच्या खाचेवरून ओळखतात. माशी भिंगाखाली हवी. जुन्या पुस्तकांत शोधणार असाल तर थायरियस नावाने शोधू नका. बिंगहॅमने १८९७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या माश्या आणि गांधीलमाश्यांचा मोठा ग्रंथ काढला, त्या काळी हिला क्रोसिसा म्हणत. पुढे १९६२ मध्ये लीफ्टिंक या डच कीटकशास्त्रज्ञाने भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या जाती नव्याने लावून दिल्या.

माळवी_मिरची | २ सप्टेंबर, रात्री ९:३१

बाई गं. म्हणजे शब्दशः आयत्या बिळावर नागोबा! अंडं घालते ते कसं काय खपतं पण? घरमालकिणीला आपलं आणि परकं कळत नाही?

किडामुंगी | २ सप्टेंबर, रात्री १०:२०

कळायला ती तिथे असायला तर हवी.

अमेगिला मातीत बोगदा खणते, टोकाला एक खोली करते. आतून भिंतीला स्वतःच्या अंगातल्या स्रावाचा मेणचट लेप देते, पाणी झिरपू नये म्हणून. मग पराग आणि मकरंद कालवून पातळसर खीर भरते. खोली पुरेशी भरली की त्यावर एकच अंडं, आणि वर मातीचं झाकण. संपलं. त्या लेकराचं तोंड ती कधीच बघत नाही. सगळी शिदोरी आधीच बांधून ठेवलेली असते. मग पुढची खोली.

थायरियस या झाकणाचीच वाट बघते. घरमालकीण बाहेर गेली की आत शिरते, झाकणाला जबड्याने बारीक भोक पाडते, पोटाचं टोक आत घालून खोलीच्या छताला किंवा भिंतीला अंडं चिकटवते आणि भोक पुन्हा मातीने बुजवते. हे बुजवणं विसरत नाही. तुम्हाला जे मिनिटभर वाटलं त्यात नुसतं डोकावणं झालं की सगळा कार्यक्रम, ते बाहेरून सांगणं कठीण.

पुढचं जरा भयंकर आहे, जेवण झालं असेल तरच वाचा. त्या अंड्यातून निघणाऱ्या अळीला पहिल्या अवस्थेत विळ्यासारखे लांब टोकदार जबडे असतात. तिचं पहिलं काम म्हणजे घरच्या अंड्याला किंवा अळीला शोधून मारणं. एकाच खोलीत दोन थायरियसनी अंडी घातली असतील तर त्या दोघी एकमेकींवर उठतात, एकच उरते. मग कात टाकते. कात टाकल्यावर ते विळे जातात, साधे बोथट जबडे येतात, आणि ती निवांत खीर खात बसते. हत्याराची गरज आयुष्यात एकदाच, तेवढ्यापुरतंच ते मिळतं.

माळवी_मिरची | २ सप्टेंबर, रात्री १०:२८

जेवण झालं नव्हतं.

जुना_लष्करी | ३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

ग्वाल्हेरहून रामराम. किडे माझा विषय नाही, शब्द आहे. संस्कृतात कोकिळेला परभृत म्हणतात, दुसऱ्याने पोसलेला. आणि कावळ्याला म्हणतात परभृत्, शेवटच्या त चा पाय मोडका. म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. एका हलन्ताच्या फरकाने यजमान आणि पाहुणा बदलतात. जुन्या लोकांनी हे प्रकरण किती बारकाईने पाहिलं असेल बघा.

या माशीला परभृता म्हणायला हरकत नसावी.

माळवी_मिरची | ३ सप्टेंबर, सकाळी ८:४०

काका, आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक परभृत राहतो. डबा रोज माझ्याकडून जातो. नात्याने दीर.

किडामुंगी | ३ सप्टेंबर, सकाळी ११:१०

काका, शब्द फार आवडला. फक्त एक फरक नोंदवतो. कावळा कोकिळेच्या पिल्लाला डोळ्यांदेखत भरवतो, आणि आपल्याकडच्या कोकिळेचं पिल्लू युरोपातल्या कक्कूसारखं यजमानाच्या पिल्लांना सहसा घरट्याबाहेर ढकलत नाही, बऱ्याचदा दोन्ही वाढतात. माशीकडे ही सवलत नाही. खोली एकाची, खीर एकापुरती.

विश्वामित्रीकाठी | ३ सप्टेंबर, दुपारी १:५०

वडोदऱ्याहून. आमच्याकडे भिंत नाही, गॅलरी आहे. दोन वर्षांपूर्वी बांबूच्या पेरांची मोळी बांधून टांगली होती, पानकाप्या माश्यांसाठी. त्या गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापतात ना, कंपासने कापल्यासारखे, आणि विडा बांधावा तशा त्या पानांच्या खोल्या करतात. सासूबाई रोज गुलाबावर कीड पडली म्हणून ओरडायच्या, मग त्यांना एकदा माशी तुकडा पोटाखाली धरून नेताना दाखवली, तेव्हापासून त्याच सगळ्यांना बोलावून दाखवतात.

तर त्या मोळीवर एक वेगळी माशी यायची. तीही काळी, पांढऱ्या बारीक रेघा, आणि पोट मागे निमुळतं होत होत सुईसारखं टोकदार. तीही नुसती घिरट्या घालायची. ती पण यातलीच का?

किडामुंगी | ३ सप्टेंबर, दुपारी ४:३०

अगदी यातलीच. ती सीलिऑक्सिस, पानकाप्यांवर जगणारी. नावातच टोकदार पोट आहे. ते टोक शोभेचं नाही, त्याने ती पानाच्या विड्याला चीर देते आणि आत अंडं सरकवते. टोकदार पोट मादीचं. नराच्या पोटाला मागे काटे असतात. पुढच्या वेळी डोळे जवळून बघा, त्यांवर बारीक केस असतात.

फरक असा की थायरियस झाकण लागायची वाट बघते, तर सीलिऑक्सिस खोली अर्धवट भरलेली असतानाच उरकते. आणि तिच्या अळीला विळे लगेच नाही, एखादी कात टाकल्यावर येतात. एकाच गुन्ह्याच्या वेगवेगळ्या रीती.

असं कुणाला वाटू नये की हे एखाद-दुसरं विचित्र प्रकरण आहे. जगात माश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत, त्यांतल्या दहात एकाहून जास्त असं परक्या घरावर जगतात. आणि हा धंदा माश्यांमध्ये एकदाच सुरू झालेला नाही, वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे अनेकदा सुरू झालाय. बहुतेकदा कष्टाळू नातलगांमधूनच. एकदा त्या वाटेला लागलं की मागच्या पायांवरचे पराग भरायचे केस जातात, पोटात एकाच वेळी तयार अंडी जास्त राहू लागतात, अंडी आकाराने लहान होतात. मग परत फिरणं नाही.

गच्चीबाग | ३ सप्टेंबर, रात्री ८:१५

मला अजूनही कळलं नाही, फवारा नको तर नको, पण एवढी माहिती झाल्यावर ती खुनी माशी मारायला काय हरकत? ताई, चप्पल घ्या आणि संपवा. नाहीतर पुढच्या वर्षी निळ्या पट्टेवाल्या उरणार नाहीत.

ओटीवरची | ३ सप्टेंबर, रात्री ८:४०

खरं सांगू, माझ्या मनात तेच आलं होतं. रविवारी बसते भिंतीसमोर.

ओटीवरची | ८ सप्टेंबर, रात्री ९:५०

बसले. रविवारी आणि आज मिळून चार तास. चौरंग, मेथीची जुडी निवडायला आणि चप्पल हाताशी. जाऊबाई दोनदा विचारून गेल्या, बरं आहे ना तुम्हाला.

सव्वाबारापर्यंत काहीच नाही. ऊन भिंतीवर चढलं तशी घरमालकिणींची ये-जा वाढली. एकीचं भोक तुळशीपासून तिसऱ्या दरजेत आहे. तिच्यावरच नजर ठेवली. मागचे पाय पिवळे भरभरून आणायची, थेट आत, नि थोड्या वेळाने पाय रिकामे करून बाहेर. साडेबारानंतर तिचे पाय पिवळे दिसेनासे झाले. आत-बाहेर तोंडाने काहीतरी चाललेलं होतं. बहुतेक झाकणाचं काम.

चंद्रकळा केव्हा येऊन बसली ते मला कळलंच नाही. वीतभर अंतरावर विटेवर बसली होती, मिशा पुढे केलेल्या, हालचाल नाही. दहा मिनिटं. पंचवीस मिनिटं. मी मेथी निवडून संपवली. उन्हाने वीट हात लावता येत नाही इतकी तापलेली, आणि ही तिथेच. घरमालकीण उडून गेली तरी ही लगेच गेली नाही. थांबली, भोकासमोर हवेत उभी राहिली, मग आत. मी घड्याळ लावलं होतं, दोन मिनिटं दहा सेकंद. बाहेर आली तेव्हा डोक्याला माती. मी गेरूने त्या भोकाशेजारी टिकली लावून ठेवली.

दुसऱ्या भोकात ती फसली. आत मालकीण होती. आतून असा काही आवाज आला की मीच दचकले. चंद्रकळा सपशेल उलटी बाहेर पडली, खाली फरशीवर, पाय आणि पोट मुडपून गोळा झालेली. मला वाटलं मेली. चप्पल उचलायचीसुद्धा गरज नाही. अर्ध्या मिनिटाने उठली, मिशा पुसल्या आणि पुन्हा त्याच भिंतीवर.

एकूण चौदा भोकांत डोकावली. तीनमध्ये शिरली, दोनमधून लगेच परत. दुपारभरात फळलं असेल तर ते गेरूच्या टिकलीचं एकच.

चप्पल तशीच राहिली. चोर म्हणायचं तर दोन तास उन्हात उभा राहणारा चोर मी तरी पाहिला नाही. पण म्हणून मला ती आवडू लागली असंही नाही. त्या तिसऱ्या दरजेतल्या बाईसाठी जीव तुटतोच. ती मात्र परत आली, जुन्या झाकणाकडे वळलीसुद्धा नाही, शेजारी नवी खोली खणायला लागली.

पोहेजिलेबी | ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

काकू, हे फोटोपेक्षा भारी झालं. माझा जीरावनचा आक्षेप मागे घेतो.

गच्चीबाग | ८ सप्टेंबर, रात्री १०:३०

लिहिलंय छान, पण भावनेत जाऊन उपयोग नाही. एका दुपारी एक, तर हंगामात किती?

किडामुंगी | ९ सप्टेंबर, सकाळी १०:४५

गणित करून बघा. यजमान संपले तर आधी उपाशी मरणारी हीच आहे, कारण तिला दुसरं घर नाही. म्हणून तिची संख्या यजमानापेक्षा सहसा कमीच राहते. आणि उलट बाजूने बघा, जिथे दोन-चारच निळ्या पट्टेवाल्या असतात तिथे थायरियस फिरकत नाही, परवडत नाही. ताईंच्या भिंतीत ती पंधरा दिवस हजेरी लावतेय म्हणजे वस्ती भरलेली आहे. वांगी धरणार.

वांग्याचं गुणगुणणं ताईंनी बरोबर टिपलंय, म्हणून सांगतो. वांग्याच्या परागकोशाला वर बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखी. अमेगिला फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा पराग सांडतो. ऑस्ट्रेलियात तिच्या एका भावंडाचं चित्रण केलं तर ती सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास वेळा डोकं आपटताना दिसली. पोळ्यातल्या सातेरी मधमाशीला ही कला येत नाही.

मध कुणी विचारायच्या आधी सांगतो, दोघींपैकी कुणीही मध साठवत नाही. थायरियसला नांगी असते, पण चिमटीत धरल्याशिवाय ती वापरायची तसदी घेत नाही. नराला नांगीच नाही.

विश्वामित्रीकाठी | ९ सप्टेंबर, दुपारी १२:२०

सर, एक शंका. घरमालकिणीला वासावरून कळत नाही का कोण येऊन गेलं? माश्यांचं तर सगळं वासावर चालतं म्हणतात.

किडामुंगी | ९ सप्टेंबर, रात्री ९:००

थायरियसचं मला ठामपणे सांगता येईल असं काही नाही, पण युरोपातल्या नोमाडा नावाच्या परपोषी माशीचं सांगतो. १९७७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी दाखवलं की नोमाडाच्या नराच्या डोक्यातल्या ग्रंथींचा वास यजमान माशीच्या घराच्या वासाशी जुळतो. तर्क असा की मीलनाच्या वेळी नर हा वास मादीवर उडवतो आणि मादी ते अत्तर लावून परक्या घरात शिरते. लग्नात नवऱ्याने दिलेली भेट म्हणजे शेजारणीच्या घराची किल्ली.

माळवी_मिरची | ९ सप्टेंबर, रात्री ९:१२

आमच्या ह्यांनी लग्नात मिक्सर दिला होता.

जुना_लष्करी | १० सप्टेंबर, सकाळी ६:५०

नावाचं ठरवा. परभृता माझ्याकडून. थायरियस तोंडात बसत नाही.

पोहेजिलेबी | १० सप्टेंबर, सकाळी ९:१५

आयतोबा.

विश्वामित्रीकाठी | १० सप्टेंबर, सकाळी ९:४०

मादीला आयतोबा कसं म्हणणार? आयतीबाई?

ओटीवरची | १० सप्टेंबर, दुपारी १२:०५

काका, राग मानू नका, परभृता म्हटलं की मला भरतकाम आठवतं. आमच्या घरात आता सगळे तिला चंद्रकळाच म्हणतात. जाऊबाई सकाळी विचारतात, चंद्रकळा आली का.

ओटीवरची | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

मंडळी, भिंतीचा विषय निघालाय. भाऊजींनी मिस्त्री आणला. त्यांचंही चूक नाही, पावसात ओल थेट स्वयंपाकघरात येते, डाळीच्या डब्यांना बुरशी धरते. मी माश्यांचं नाव काढलं तर ते हसले. म्हणाले, वहिनी, इंदूर इतक्या वेळा स्वच्छतेत पहिलं आलं आणि तुम्ही भिंतीत किडे पाळताय.

पोहेजिलेबी | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५०

स्वच्छतेवर बोलायचं नाही हां, आमची छाती फुगते.

किडामुंगी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

फुगू द्या, माझीही फुगते. फक्त स्वच्छ म्हणजे मातीचा इंच न् इंच पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला, अशी जी समजूत कॉलन्यांमध्ये झालीय तिच्याशी माझं भांडण आहे. बहुतेक रानमाश्या उघड्या मातीत राहतात. याच शहरात १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने संस्था काढली आणि पालापाचोळा, शेण, माती यांतून खत करायची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. आता पाचोळ्याला पिशवीत भरून गाडी येते. असो, विषयांतर झालं.

ताई, आत्ता छपाई केलीत तर नुसती रिकामी भोकं बुजणार नाहीत. पूर्ण वाढलेल्या अळ्या मातीत तशाच पडून थंडी काढतात, त्या आत कोंडल्या जातील. दोन्ही घरांच्या.

चुनागच्ची | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

माझा धंदा जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचा, म्हणून माशीपेक्षा भिंतीबद्दल बोलतो. मातीत बसवलेल्या विटांवर सिमेंटची छपाई करू नका. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. पाया पाणी वर ओढतोच, ते आत कोंडतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत छपाई पोपड्यासारखी सुटते, सोबत वीटही घेऊन जाते. चुना आणि माती वापरा. स्वयंपाकघराच्या मागे तेवढं नीट चुन्याने करून घ्या. आणि ओल खरी कुठून येते ते बघा, नव्वद टक्के वेळा वरचा पन्हाळा फुटलेला असतो.

ओटीवरची | ७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

पन्हाळा फुटलेलाच होता. भाऊजी स्वतः शिडीवर चढून बघून आले. चेहरा बघण्यासारखा होता.

ओटीवरची | १९ ऑक्टोबर, रात्री ८:००

झालं काम. पन्हाळा बदलला, स्वयंपाकघरामागे चुन्याचा गिलावा झाला. तुळशीजवळची चार हात रुंद पट्टी तशीच सोडली, वर पत्र्याचं छोटं छज्जं लावलं. मिस्त्री जाताना म्हणाला, काकी, इतना काहे छोड़ दिया, सामान तो बचा है. म्हटलं, किराएदार हैं. त्याने दोनदा वळून बघितलं.

संध्याकाळी तुळशीत दिवा लावायला गेले तर वाळलेल्या मंजिरीच्या काडीवर चंद्रकळा. पायाने धरलेलं नाही, जबड्याने काडी चावून धरलेली आणि अंग हवेत आडवं. पाय पोटाशी घेतलेले. दिवा जवळ नेला तरी हलली नाही. सर, मेलीय का?

किडामुंगी | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

झोपलीय. घरच नाही तर रात्री जाणार कुठे? या माश्या अशाच दाताने काडी धरून झोपतात. तुमच्या निळ्या पट्टेवालीचे नरसुद्धा, त्यांनाही घर नसतं. घरमालकीण तेवढी भोकात. ती काडी काही दिवस छाटू नका, त्याच काडीवर परत येण्याची शक्यता चांगली असते.

गच्चीबाग | १९ ऑक्टोबर, रात्री ९:०५

मी माझ्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या कालच छाटल्या. आधी सांगायचं ना.

ओटीवरची | ११ जुलै, सकाळी ११:३०

धागा वर काढतेय. जुन्या मंडळींपैकी कोणी आहे का?

पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले. परवापासून भिंतीत हालचाल आहे. गेरूची टिकली पत्र्याखाली असल्याने फिकट का होईना, टिकलीय. काल सकाळी त्या भोकातून एक निळी पट्टेवाली निघाली. दुपारी आणखी एक. मला वाटलं, चला, त्या दिवशी चंद्रकळेचं काही फळलं नव्हतं.

आज साडेनऊला त्याच भोकाच्या तोंडाशी माती हलली. आधी मिशा, मग काळं डोकं. बराच वेळ तेवढंच. मग पूर्ण बाहेर आली, अंगभर धूळ, ठिपके दिसतच नव्हते. विटेवर बसून पायांनी एकेक करून पुसत गेली तसे निळे उमटत गेले. भाऊजी चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते. म्हणाले, वहिनी, ही ती का?

किडामुंगी | ११ जुलै, दुपारी १२:१०

म्हणजे एका बोगद्यात निदान तीन खोल्या. दोन घरच्या, एक हिची. भोकाचं तोंड आता उघडंच असेल तर तसंच राहू द्या, मागे अजून कुणी असेल.

ओटीवरची | ११ जुलै, दुपारी १२:१५

आहे. माती परत हलतेय. नंतर लिहिते.